भर उन्हाळ्यातला खोकला

मित्रांनो, मी एक जुने वाफेचे यंत्र आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा. छाती भरलेल्या मुलाच्या तोंडावर मास्क धरला की मी घरघरू लागते आणि पातळ औषधाचे धुके करून त्याच्या श्वासात सोडते. दर थंडीत मला उसंत नसे. आया माझे कौतुक करत आणि मी मनातून फुगत असे.

मग महामारी आली. शाळांना कुलूप, तोंडावर मास्क, हातांना साबण. वाफेबरोबर रोग खोलीभर पसरेल, या भीतीने मला कपाटात ठेवले. थंडी आली, पण खोकला ऐकूच येईना. माणसे दूर राहिल्याने नेहमीचे विषाणूही अडले, असे डॉक्टरबाई सिस्टरना सांगत होत्या. झाले ते चांगलेच. तरी मला चैन पडेना. गेले कुठे सगळे?

दुसरी थंडीही तशीच गेली. निर्बंध उठले आणि भर उन्हाळ्यात एक आजी अडीच वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन आल्या. मुलगी रडतही नव्हती, नुसती धापा टाकत होती. बाई म्हणाल्या, उन्हाने हैराण झाली असेल, छातीच्या खोकल्याचे हे दिवस नव्हेत. सिस्टरनी मुलीचा झगा वर केला.

"बाई, बरगड्या बघा. आत ओढल्या जाताहेत."

बाई चटकन उठल्या. ऑक्सिजन लावला, मोठ्या इस्पितळाची गाडी मागवली आणि तोवर वाफ द्या म्हणाल्या. मला बाहेर काढले. बटण दाबताच मी घरघरले आणि बंद पडले. हवा गाळणारी माझी जाळी धुळीने गच्च भरली होती. आजी माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. सिस्टरनी जाळी बदलली, नवी नळी जोडली. मग गाडी येईपर्यंत मी थांबले नाही.

पाच दिवसांनी मुलगी हसत घरी परतली. बाईंनी आजींना समजावले, "हिची थंडीतल्या या नेहमीच्या विषाणूशी कधी गाठच पडली नव्हती. तो अडला होता, संपला नव्हता." मग हळूच म्हणाल्या, "मी आधी कॅलेंडर पाहिलं, मुलीकडे नंतर. चुकलंच माझं."

त्या उन्हाळ्यात अशी कितीतरी मुले आली. मित्रांनो, मास्क आणि साबणाने खरेच पुष्कळांना वाचवले. ते विसरू नका. पण रांग ओसरली म्हणून आम्हाला धूळ खात ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी बटण दाबून पाहा. कुणाचा श्वास कधी अडेल, हे मला अजूनही कळत नाही.