वगळलेला नमुना

देविकाला अभ्यासासाठी धडधाकट माणसांची लघवी हवी होती. असलं काही मागायला हक्काचा माणूस म्हणजे तिचा मोठा भाऊ मकरंद. प्रेम नगराहून रोज स्कूटरनं चिरगावच्या बँकेत जाणारा, कधी तापानंसुद्धा न झोपलेला.

"घे बाई, विज्ञानाला आमचाही हातभार," म्हणत त्यानं हसत हसत बाटली दिली.

देविका मूत्रपिंडातल्या एका अँटिजेनवर काम करत होती. हे प्रथिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्येच असतं. तिथल्या पेशी दुखावल्या की ते सुटून लघवीत उतरतं, आणि तेही रक्ताच्या तपासणीत काही दिसायच्या कितीतरी आधी. हेच तर तिला सिद्ध करायचं होतं.

मकरंदच्या लघवीत ते भरपूर निघालं.

तिनं चाचणी पुन्हा केली. तेच. मग अभ्यासासाठीच घेतलेलं त्याचं रक्त तपासलं, तर मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन अगदी ठीक. आपल्याच हातून काहीतरी चुकलं असेल, असं ठरवून तिनं तो नमुना वगळला. शोधनिबंध पाठवायची घाई होती. दादाला तिनं ना काही विचारलं, ना सांगितलं.

पुढच्या होळीनंतर मकरंदचे पाय सुजले. डॉक्टरांनी औषधांचं विचारलं, तेव्हा त्याची हिंदीभाषक बायको आभा म्हणाली, "स्कूटर से कमर दुखती है ना. बरसों से रोज़ दर्द की गोली खाते हैं."

देविका शेजारीच उभी होती. तिला हे ठाऊकच नव्हतं.

या गोळ्यांनी मूत्रपिंडं खराब झालीत, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर तिनं दादाला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "तेव्हा बोलली असतीस, तर गोळ्या सोडल्या असत्या गं मी."

"मला वाटलं, चाचणी चुकली."

"तुझीच चाचणी, आणि तुझाच विश्वास नाही?"



छापून आलेल्या निबंधात दुरुस्ती करावी म्हणून तिनं संपादकांना कळवलं. दादानं नमुना वापरायला हरकत घेतली नाही. "पण यापुढे ज्याचं असं निघेल, त्याला आधी सांगत जा," एवढंच म्हणाला. ती सांगू लागली.

भावाबहिणीचं बोलणं तुटलं नाही. पण तब्येतीचं काही असलं, की मकरंद आता ते आभाकडून कळवतो.