दाराकडचं ताट

बोग्नानं म्हातारीला पुन्हा चुलीपाशी उभं केलं, दिवस भराभर पुढे पळवले आणि हनुवटीला हात लावून बघत बसली. पडद्यावर हिवाळा लागला. छपरावर बर्फ साचलं, मुलगा लाकडं घेऊन आत आला, सुनेनं सूप वाढलं. कोठीत राय धान्याची पोती होती. तरीही फेब्रुवारी सरता सरता म्हातारी चुलीपाशीच मटकन बसली ती उठलीच नाही. उंबऱ्यावर कुत्रा मात्र चांगला गरगरीत होऊन पसरला होता.

"गेली?" मागच्या टेबलावरून हाल्शकानं विचारलं. खेळ तपासणं हे तिचं काम. सकाळपासून तिनं इतक्या म्हाताऱ्या मरताना पाहिल्या होत्या की आता ती मानही वर करत नव्हती.

"गेली."

"आणि कुत्रा?"

"त्याला काय धाड भरलीय! ढेरी सुटलीय मेल्याला."

खेळाचं नाव 'प्शेदनूवेक'. जुनं धान्य संपत आलेलं आणि नवं अजून शेतात, ते उपासाचे आठवडे. परदेशी खेळणाऱ्यांची जीभ या पोलिश नावावर हटकून अडखळायची, पण स्टुडिओचा मालक कायेतान हटायला तयार नव्हता. मध्ययुगातलं एक गाव हातात घ्यायचं आणि त्याला वसंतापर्यंत जिवंत न्यायचं, एवढाच खेळ. खेळणाऱ्यांनी मात्र धोशा लावला होता की सोबतीला जनावरं द्या. म्हणून नव्या अपडेटमध्ये एक बोकड आला होता आणि एक कुत्रा. बोकड पाद्र्याला ढुशा मारायचा आणि त्यावर सगळे बेहद्द खूश होते.

कुत्रा बोग्नानं घडवलेला. तिच्या घरमालकाला जनावर चालत नसे, म्हणून वर्षभर ती लुब्लिनच्या बागेतून लोकांच्या कुत्र्यांमागे फिरली होती. कुत्रं बसण्याआधी स्वतःभोवती कसं फिरतं, धन्याची चाहूल लागली की आधी कोणता कान उभा करतं, सगळं तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. एका म्हातारबुवांनी तर तिला हटकलंही होतं, "काय हो बाई, चोरायचाय का माझा कुत्रा?"

कायेतान सफरचंद खात तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"उद्या दुपारी अपडेट जायचंय, बोग्ना. बोकड जाऊ दे. कुत्रा काढून टाक."

"काढून टाक? वर्ष घालवलंय मी त्याच्यापायी."

"मग मी काय करू? कुत्रा आला की गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या मरतात. लोक मला फाडून खातील."

"उद्या सकाळपर्यंत थांब."

"सकाळपर्यंत. मग मात्र मी ऐकायचो नाही."

तिनं दिवस मागे नेले आणि या वेळी सावकाश पुढे आणले. मुलगा आणि सून टेबलाशी बसून जेवले. म्हातारी चुलीपाशी पाठमोरी उभी राहिली. टेबलावर आणखी एक भरलेलं ताट होतं, दाराकडच्या रिकाम्या स्टुलासमोर. तिथं कोणी बसलं नाही. दिवा मालवला गेला. मग कुत्रा उठला, त्यानं स्टुलावर पुढचे पाय टेकवले आणि ताट चाटूनपुसून साफ केलं.

"अरे देवा!" कायेतान खो खो हसत सुटला. "पाहुण्याचं ताट! अगं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी वर्षातून एकदा मांडायचं ते, आणि तुझ्या भावानं ते रोज मांडून ठेवलंय!"

हाल्शकाही हसली. "असली चूक आपला पोलिश माणूसच करणार. दुसऱ्या कोणाला सुचणार पण नाही."

बोग्नाही हसली, पण जरा उशिरानं. चुलीचा आणि जेवणाचा सगळा कोड झेमेकनं, तिच्या मोठ्या भावानं, लिहिला होता. दीड वर्षापूर्वी खेळातला हिवाळा किती कडक ठेवायचा यावरून तो आणि कायेतान हमरीतुमरीवर आले. बोग्नानं कायेतानची बाजू घेतली. झेमेकनं खुंटीवरचा कोट काढला आणि चालता झाला. तेव्हापासून बहीणभावात अबोला.

"पुसून टाक ते ताट," कायेतान म्हणाला. "कुत्रा वाचला तुझा."

तिनं ताट काढून टाकलं आणि खेळ पुन्हा लावला. या वेळी म्हातारी बर्फ पडायच्या आधीच मेली.

कायेताननं सफरचंदाचा गाभा टोपलीत टाकला.

"भावाला फोन कर," तो म्हणाला.

"मी नाही करणार."

"मग कुत्रा काढ."

बोग्ना मोबाईल घेऊन जिन्यात गेली. खालच्या चांभाराच्या दुकानातून सरसाचा वास येत होता. ती पायरीवर बसली. माफी मागायला फोन केला असं त्याला वाटलं तर? वाटू दे, मेलं.

झेमेक आता ग्दिनियाच्या बंदरात बोटींवर विजेची कामं करायचा. त्यानं फोन उचलला तेव्हा मागं हातोडे चालले होते.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"म्हातारी."

पलीकडे फक्त हातोड्यांचा आवाज राहिला. तो काय समजला ते बोग्नाच्या लक्षात आलं.

"खेळातली रे! खेळातली म्हातारी! आई ठणठणीत आहे!"

"अक्कल आहे का तुला?" तो ओरडला. मग कुठलं तरी दार लागल्याचा आवाज आला आणि हातोडे बंद झाले. "बोल. काय झालं म्हातारीला?"

तिनं सगळं सांगितलं. कुत्रा, ताट, ताट काढल्यावर काय झालं ते.

"काढलंस कशाला? ते तिचंच ताट आहे."

"तिचं? ती तर टेबलाशी बसतच नाही."

"सकाळी खाते. रात्रभर ते तसंच असतं, कोणी आलं नाही की सकाळी ती खाते. आता कुत्रा खातो म्हटल्यावर मरणारच ना ती."

"पण झेमेक, पाहुण्याचं ताट रोज कोण मांडतं?"

"पाहुण्याचं कुठलं? बाबांचं."

बोग्नानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"तू लहान होतीस गं," तो जरा हळू म्हणाला. "बाबा शिकागोला गेले, छपरं घालायला. येतो म्हणाले ख्रिसमसला. मग ईस्टरला. मग पत्रही येईना. आई रोज संध्याकाळी त्यांचं ताट वाढून ठेवायची, दाराकडच्या बाजूला. आणि घरात अन्न किती, तर तिघांचं. एक तुझं, एक माझं, एक त्यांचं."

"आणि तिचं?"

"आठवून बघ ना. रात्री कधी आपल्याबरोबर बसलेली आठवते का ती तुला?"

बोग्नानं आठवून पाहिलं. तिला आईची पाठ आठवली. एप्रनची गाठ आठवली.

"सकाळी तेच खायची," झेमेक म्हणाला. "गारढोण. खिडकीपाशी उभ्या उभ्या."

"आणि तू ते खेळात घातलंस."

"मुद्दाम नाही गं घातलं. कायेतान म्हणाला, घरातली माणसं जेवतात कशी ते लिही. मी लिहिलं. सगळ्या घरांत असंच जेवतात असं वाटायचं मला."

जिन्यातून कोणीतरी खाली गेलं. बोग्नानं पाय आखडून वाट दिली आणि बाहीनं डोळे पुसले.

"आता करू काय मी? कुत्रा ठेवायचाय मला."

"आपल्याकडे शेजारणीचं ते चोरटं मांजर यायचं, आठवतं? आई ताटावर दुसरं ताट पालथं घालायची. वर इस्त्री ठेवायची, लोखंडी." तो थोडासा हसला. "इस्त्री नको घालूस. मध्ययुग आहे."

"झेमेक..."

"काय?"

"हिवाळ्याचं तुझं बरोबर होतं."

"माहितीय मला," तो म्हणाला आणि फोन ठेवला नाही. मग दोघं बराच वेळ कुत्र्याच्या कानांविषयीच बोलले.

संध्याकाळपर्यंत बोग्नानं ताटावर लाकडी ताट पालथं घातलं आणि वर एक दगड ठेवला. कुत्रा आला, त्यानं हुंगलं, दगडाकडे पाहिलं, स्वतःभोवती फिरला आणि टेबलाखाली मुटकुळं करून झोपला. पडद्यावर सकाळ झाली आणि म्हातारीनं दगड उचलला.

"एप्रिल," हाल्शकानं पडद्यावरचा महिना वाचला. "जिवंत आहे म्हातारी. कुत्रा पण."

"कुत्रा जातोय अपडेटमध्ये," कायेतान म्हणाला. मग त्यानं मान खाजवली. "पण काय गं, तिला इतरांबरोबर बसवायला फारसं काही लागणार नाही ना? करून टाक की."

"खेळात नाही होणार ते," बोग्ना म्हणाली.

शनिवारी ती बसनं लुबार्तोव्हला आईकडे गेली. आईनं दारातच तिचे गाल चापटून पाहिले, वाळली म्हणून बोल लावला आणि टेबलाशी बसवलं. झुरेक, म्हणजे रायचं आंबट सूप, केलं होतं. आंबट वाफेचा वास, वर अर्धं अंडं, सॉसेजचे काप. बोग्नापुढं वाडगं ठेवून आई वळली आणि चुलीकडचं फडकं उगाच घडी करू लागली.

"तू?"

"माझं झालंय मघाशीच. तू घे, गरम आहे तोवर."

बेसिनमध्ये एकही खरकटं भांडं नव्हतं. पातेल्यातून एकच वाडगं कमी झालं होतं. आजवर किती शनिवार बोग्ना इथं बसून पोटभर जेवून गेली होती, आणि आपण एकदाही त्या पातेल्यात डोकावलो नाही याची तिला भयंकर लाज वाटली.

तिनं चमचा खाली ठेवला, उठून फडताळातून दुसरं वाडगं काढलं, पातेल्यातून भरलं आणि टेबलावर आपल्या समोरच्या बाजूला ठेवलं.

"अगं, कोण येणारेय?"

"कोणी नाही. तू बस."

"वेडी की काय! माझं झालंय म्हणते ना."

"मग मीही नाही खात."

"निवेल ते!"

"निवू दे."

आई फडकं हातात धरून उभी राहिली. एकदा तिनं दाराकडे पाहिलं, एकदा बोग्नाकडे. शेवटी पुटपुटत खुर्ची ओढली आणि काठावर, कधीही उठता येईल अशी टेकली. चमचा भरला, फुंकर न घालताच तोंडात घातला आणि थांबली.

"भाजलं?" बोग्नानं विचारलं.

"नाही गं," आई म्हणाली. "गरम आहे, एवढंच."