चक्कर आलेली मुलगी

शाळेचे गणवेश शिवणारी थोरली जाऊ पालकांच्या ग्रुपवर मानाची बाई होती. बाही किती ठेवावी, उंचीला किती दुमड सोडावी, सगळ्या तिलाच विचारायच्या आणि वर अंगठे द्यायच्या. मग एके दिवशी नर्स असलेल्या धाकट्या जावेने लिहिलं: ‘मुलींना एचपीव्हीची लस द्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून ती वाचवते. शुक्रवारी शाळेत मीच येतेय. संमतीपत्र विसरू नका.’

बावन्न अंगठे!

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. सासूबाई त्याच कॅन्सरने गेल्या. दोन वर्षं त्यांची अंथरुणं धुतली थोरलीने. धाकटी यायची, एक इंजेक्शन द्यायची आणि जायची. तरी सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “धाकटीचा हात कसा फुलासारखा!” धुणाऱ्या हातांचं कधी नाव निघालं नाही.

तिने मशीन थांबवलं आणि लिहिलं: ‘माझ्या माहितीतली एक मुलगी सुई टोचल्यावर धाडकन पडली. विचार करा, बायांनो.’

खोटं नव्हतं. फक्त कसली सुई, ते तिने लिहिलं नाही.

‘अगं बाई!’ ‘आमची नाही घेणार.’ ‘एवढ्याशा पोरींना कशाला ते? मी आधीच म्हणत होते.’ कुणीतरी ‘पुरावा काय?’ म्हणून विचारलं, ते त्या गर्दीत कुठल्या कुठे गेलं. अडुसष्ट अंगठे! त्या दुपारी बाह्या कशा झरझर लागल्या.

धाकटीचा फोन आला. “जाऊबाई, कोणती मुलगी हो? सांगा, मी चौकशी करते.”

“बघून सांगते,” म्हणून थोरलीने फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी सातवीतली लेक चुरगळलेलं संमतीपत्र घेऊन पुढ्यात उभी राहिली.

“मी नाही घेणार. मी पडले तर?”

“काही पडत नाहीस.”

“तूच लिहिलंस ना! मग काकू खोटं बोलते का?”

‘हो’ अगदी जिभेवर आलं. काय गोड लागलं असतं! पण लेकीच्या मागे कपडे वाळत घालायची दोरी दिसत होती. सासूबाईंच्या चादरी दोन वर्षं रोज तिथेच वाळल्या होत्या.

“काकू खरं बोलते,” थोरली म्हणाली. मग कागद मांडीवर सपाट करून तिने सही केली आणि फोन हातात घेतला.

‘ती पडलेली मुलगी मीच. दहा वर्षांची होते. खिळा लागला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. ही लस नव्हतीच. जावेवर जळून लिहिलं मी. माझ्या लेकीच्या कागदावर सही केली आहे.’

तीन अंगठे आले. त्यातला एक धाकटीचा.

शुक्रवारी थोरली लेकीबरोबर शाळेत गेली. गणवेशाची बाही घट्ट होती, तिनेच शिवलेली. थोरली ती वर सरकवून धरून उभी राहिली. धाकटीने सुई टोचली.

“दुखलं का गं?”

“छे! काकूचा हात कसा फुलासारखा आहे!”

थोरलीच्या पोटात पुन्हा तेच दुखलं. तिने बाही खाली ओढली.

“पंधरा मिनिटं इथेच बसायचं,” थोरली लेकीला म्हणाली. “आणि सकाळी खाल्लंस ना नीट?”