फ्लॉपीत अडकलेला डाव

माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बिघाड सांगत नाही, थेट निकालच देतं. "मदरबोर्ड गेलाय," म्हणतं, आणि बघावं तर वायर नीट खोचलेली नसते. अहमदपूरच्या बसस्टँडसमोर बारा वर्षं हेच ऐकतेय, त्यामुळं माझं डोकं जरा लवकर तापतं.

चाकूरचे गुरुबसप्पा गुरुजी मात्र या सगळ्यांच्या वरताण निघाले. रिटायर झालेले गणिताचे मास्तर. विटेएवढा जाड जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि शेजारी बसलेल्या बायकोकडं बोट केलं.

"मंजुश्री, ह्याची फ्लॉपी चालत न्हाई. आमच्या दानम्मानं पूजा करून करून मारलंय त्याला. मोडीत घाल म्हनलं तर ऐकंना."

लॅपटॉपवर खरंच हळदीकुंकवाचे थर होते. दानम्मा मावशी खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलंच माजं. दर खंडेनवमीला त्याची माफी मागायलेय. पण तेवढी फ्लॉपी एकदा चालव बाई. त्यात आमचा बुद्धिबळाचा डाव हाय."

गोष्ट अशी होती. हा लॅपटॉप गुरुजींना हैदराबादच्या साडूनं दिलेला. त्यावर दोघं बुद्धिबळ खेळायचे. १९९९ च्या दसऱ्याच्या सुट्टीत पैज लागली, हरेल त्यानं जन्मभर सकाळचा चहा करायचा. डाव रंगात आला आणि नेमके पाहुणे टपकले. गुरुजींनी डाव फ्लॉपीत जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी वाचेचना. खंडेनवमीची पूजा नुकतीच झालेली, त्यामुळं खापर मावशींवर फुटलं. निकाल लागेपर्यंत चहा कोण करणार? मावशीच, आधी करायच्या तशा.

"मला चहाचं काय न्हाई," मावशी म्हणाल्या. "पण ह्येंचा वजीर मी मारला होता. ह्येंनी एकदा म्हनावं, दानम्मा जिंकली."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मी लगेच स्क्रू ड्रायव्हर काढला.

या लॅपटॉपला यूएसबी नाही. फ्लॉपीचा डबा वेगळा असतो आणि चपट्या वायरीनं तो मशीनच्या कडेला जोडायचा. "मशीन चालू असताना ही वायर अजिबात ओढायची नाही," मी दोघांनाही बजावलं. "पडदा काळा होतो, सगळं बंद पडतं."

डबा उघडला. आतला रबरी पट्टा सैल पडला होता. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा त्याला बरोबर बसला. स्पिरिटच्या बोळ्यानं आतली घाण पुसायला डबा तिरका केला, तर चिमूटभर तांदूळ खाली सांडले.

"बघ! अक्षता!" गुरुजी जवळजवळ नाचलेच. "म्या सांगायलो न्हवं!"

मी तांदूळ कागदावर घेऊन मावशींपुढं सरकवले. त्यांनी एक दाणा बोटावर घेतला. उजेडात धरला. मग दुसरा घेतला.

"ही कणी हाय," त्या हळू बोलल्या. "अक्षता अख्ख्या असत्यात, कुंकू लावलेल्या. तुटका तांदूळ देवाला कोन वाहतंय? ही माझ्या सैपाकघरातल्या डब्यातली कणी हाय, गुरुजी."

गुरुजी पंख्याकडं बघायला लागले. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही पंचवीस वर्षं! मी तोंडावर तसं म्हणून टाकलं.

"वजीर गेला होता गं, म्हून म्याच टाकली कणी," गुरुजी पुटपुटले. "शाळेत कळलं असतं तर पोरं हसली असती मला."

मावशींचे डोळे भरून आले. "आन मी त्या डबड्यापुढं हात जोडत बसले," एवढंच त्या बोलल्या.

मी डबा बंद केला, वायर जोडली, फ्लॉपी घातली आणि मशीन चालू केलं. कर्रकर्र आवाज करत फ्लॉपी फिरली आणि पडद्यावर पट उमटला. गुरुजी चष्म्यासाठी पिशवीत हात घालून चाचपत होते. मावशी आणि मी पुढं वाकलो.

गुरुजींचा वजीर खरंच नव्हता. पण कडेला त्यांचं एक प्यादं होतं, शेवटच्या घरापासून एकच घर मागं. वाट मोकळी, चालही त्यांचीच. ते पुढं सरकलं की त्याचा वजीर होणार, आणि मावशींच्या राजाला पळायला जागाच नव्हती. एवढं बुद्धिबळ मलाही कळतं.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. मग त्यांनी शांतपणे चपटी वायर ओढली.

पडदा काळा झाला. "अगंबाई, हात लागला माजा," मावशी म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा लावला. "काय दिसलं?"

"तुमचा वजीर काय दिसला न्हाई. तुला दिसला का गं, मंजुश्री?"

"नाही दिसला," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

गुरुजींनी काळ्या पडद्याकडं बघितलं. मग उभे राहिले आणि माझ्यासमोर म्हणाले, "दानम्मा, तू जिंकली." आणि कुणी न सांगता समोरच्या टपरीवर चहा आणायला निघाले.

मावशींनी पदरानं डोळे पुसले. गुरुजी रस्ता ओलांडून पलीकडं पोचेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग कणीचा कागद त्यांनी हलकेच माझ्याकडं सरकवला.

"हे परत आत टाक बाई."