तुम्ही जेवा, माझं झालंय

माझी तपकिरी कोंबडी अंडी घालायला जाते कुठे, हा प्रश्न मला कधीचा छळत होता. सेतू, माझा नवरा, म्हणाला, "कोंबडीच्या मागे काय हात धुऊन लागलीस!" पण एखादी गोष्ट मला कळली नाही की अन्न गोड लागत नाही. मग एका दुपारी आमच्या बेटावरचं सगळं गाव पेंगत असताना मी तिच्या पाठोपाठ निघाले. बाईसाहेब केळींतून वाट काढत थेट इआकोपोकाकांच्या स्वयंपाकाच्या खोपटात शिरल्या आणि उमूच्या दगडांमध्ये ऐटीत बसल्या.

मी हसायच्या बेतात होते, तेवढ्यात दगडांकडे नीट लक्ष गेलं. जे दगड लालबुंद तापवून आम्ही त्यांच्यावर नीरफणस आणि मासळी भाजतो, त्यांच्या फटींतून गवत वर आलं होतं. राखेचा कणसुद्धा नव्हता. खोपटाच्या दाराशी पिऊन टाकलेली शहाळी तेवढी पडली होती. मग काका खातात काय?

इआकोपोकाका आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रीबाबांच्या हाताखालचे सेवक. सेपोराकाकू गेल्यापासून एकटेच असतात. अलीकडे लुंगीचा एक वेढा जास्त घ्यावा लागतो त्यांना, हे मी पाहिलं होतं, पण म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. मी तशीच शेजारच्या लुपेकडे गेले.

"काका संध्याकाळी तुझ्याकडे जेवतात ना गं?"

"माझ्याकडे? तुझ्याकडे जेवतात ना ते! मी रोज बोलावते, तर म्हणतात झालंय."

"मलाही तेच म्हणतात."

लुपेचा चेहरा उतरला. ती पलीकडच्या घरांत विचारून आली. तिथेही प्रत्येकाला वाटत होतं, काका दुसऱ्या कुणाकडे जेवतात. रविवारी पाद्रीबाबांकडे सगळ्या डीकनांची पंगत असते, तेवढं एक जेवण सोडलं तर माणूस शहाळ्यांवर जगत होता.

आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब. संध्याकाळची प्रार्थना झाली की घराघरात चटईवर पानं मांडली जातात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळं दिसतं. त्याला "या, जेवायला या" अशी हाक न मारता घास घेणं म्हणजे निलाजरेपणा. आणि हाक आली की जाणाऱ्यानं "तुम्ही जेवा, माझं झालंय" म्हणायचं आणि पुढे जायचं, हीही रीतच. काका रोज त्या वेळी फेरी मारायचे. अख्खं गाव त्यांना हाक मारत होतं आणि अख्ख्या गावादेखत ते उपाशी होते. गेल्याच रविवारी पाद्रीबाबा शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल बोलले, तेव्हा सगळ्यांत जोरात मान मीच डोलावली होती. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"ताट पाठवू या," लुपे म्हणाली.

"काकू गेल्या तेव्हा ताटं पाठवलीच होती की! काय केलं त्यांनी? पाद्रीबाबांकडे पाहुणे आलेत म्हणून तिकडे नेऊन दिली."

रात्रीच्या जेवणाची वेळ झाली, तशी मी सेतूच्या गळ्याभोवती फडकं गुंडाळलं.

"तुझा घसा बसलाय."

"माझा? चांगला ठणठणीत आहे की!"

"बसलाय म्हटलं ना! तोंड उघडलंस तर बघ."

काका रस्त्यावर दिसले. मी नेहमीची हाक मारलीच नाही. धावत पायरीवर गेले. "काका, ह्यांचा घसा बसलाय. अन्नावर प्रार्थना म्हणायला कुणी नाही. पोरं खोळंबलीत."

काकांनी सेतूकडे पाहिलं. सेतूनं असा काही केविलवाणा चेहरा केला की मलाच दया आली. जेवणाला नाही म्हणता येतं, पण डीकनला प्रार्थनेला नाही म्हणता येत नाही. आणि ज्यानं अन्नावर प्रार्थना केली, त्यानं न जेवता उठायचं नसतं.

काका बसले. त्यांनी डोळे मिटले, देवाचे आभार मानले, आणि "हे अन्न रांधणाऱ्या हातांना" इथपर्यंत येऊन थांबले. "आमेन," सेतू मोठ्यानं म्हणाला, अगदी खणखणीत आवाजात.

मी डोळे वटारले. काका मात्र हसले. मग त्यांनी नीरफणसाचा तुकडा मोडला आणि नारळाच्या दुधातल्या अळूत बुडवला. ते जेवत होते आणि मी रडत होते.

"एकट्यासाठी उमू कोण पेटवणार, लोसा?" हात धुताना ते म्हणाले. "तुम्ही सगळे बोलवायचात, बरं वाटायचं. त्यासाठीच यायचो. पण माझ्यासाठी मांडलेलं पान कुठे दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी लुपेच्या नवऱ्याचा घसा बसला. मग पलीकडच्या घरातल्याचा. साथच आली म्हणा ना.

"हा रोग कधी बरा व्हायचा?" काकांनी एकदा मला डोळे बारीक करून विचारलं.

"तुमच्या उमूतली कोंबडी अंड्यांवरून उठेल तेव्हा!"

पिल्लं बाहेर पडली. काकांनी ती टोपलीत घालून माझ्या दारात आणली आणि जाताना शहाळ्याच्या सालीवर दोन निखारे मागून नेले. कशाला, ते सांगितलं नाही. मला दिवसभर चैन पडलं नाही. दुपारनंतर त्यांच्या खोपटातून धूर वर चढताना दिसला.

प्रार्थना झाल्यावर मी काहीतरी निमित्त काढून त्या रस्त्यानं निघालेच. लुपेचंही नेमकं तिकडेच काम निघालं होतं.

"अगं लोसा! लुपे! या, जेवायला या!"

काकांची हाक. आणि माझी जीभ सवयीनं वळली. "तुम्ही जेवा काका, माझं..."

काकांचा चेहरा तिथल्या तिथे विझायला लागला. मी जीभ चावली आणि त्यांच्या चटईकडे पाहिलं. केळीची पानं मांडली होती. ज्या ज्या घरानं त्यांना हाक मारली होती, त्या प्रत्येक घरासाठी पानं होती, खांबापासून खांबापर्यंत.

"माझं काही झालेलं नाही," मी म्हटलं आणि चपला काढल्या. "लुपे, जा, सगळ्यांना घेऊन ये."