पहिली मासळी पाहुण्याची

चांगुणाला मासळीच्या वासाची कधी शिसारी आली नव्हती. उभा जन्म त्या वासात गेला, लुगड्याला तो, हाताला तो, उशीलाही तोच. पण त्या मंगळवारी सकाळी आबासाहेब गाडीतून उतरले आणि त्यांच्या अत्तराचा भपकारा नाकात शिरला, तसा तिने पदर नाकाला लावला. मेल्याने आंघोळ पाण्याने केली की बाटलीने, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण गिळलं. परवाना त्याच माणसाच्या हातात होता.

करंजविहिरीच्या धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे, तिचे हे आबासाहेब सचिव. नावाला मच्छीमारांची संस्था आणि सचिवाला घोटाभर पाण्याची धास्ती! काठावर चिखल दिसला तशी त्यांनी विजार वर धरली आणि कारकून राधाकृष्णाला पुढे घातलं. हा राधाकृष्ण म्हणजे बगलेत फायली, खाली मान, आणि साहेब म्हणतील ते लिहायचं, एवढंच काम.

अठरा वर्षांपूर्वी धरणाने आख्खं गाव गिळलं. चांगुणाचं घर, भाताची खाचरं, जात्याची जागा, सगळं त्या पाण्याखाली. आपल्याच चुलीवरून वाहणाऱ्या पाण्यात जाळं टाकायचं, तर त्याला कागद लागतो म्हणे. तोही साधा नाही. धरणग्रस्तांचा विशेष परवाना, विशेष सवलतीची फी. सवलत कसली डोंबलाची! फीला सवलत, पण शिफारशीचं शुल्क वेगळं, तपासणीचं वेगळं, आणि फॉर्मच्या छापील कागदाचे पैसे वेगळे.

तरीही तिला तो परवाना हवा होता. का, तर राजूरच्या बाजारात उजळ माथ्याने बसायचं होतं, बस, एवढ्यासाठी. मागच्या साली संस्थेच्या दोन टग्यांनी भर बाजारात "परवाना कुठाय?" म्हणून तिची पाटी लाथेने उलटी केली होती. मासळी चिखलात गेली. लोक बघत राहिले. एक कुत्रं मरळ घेऊन पळालं तेव्हा कोणीतरी हसलंही. तेव्हापासून ती आपली मासळी पदराखाली झाकून संस्थेच्याच टेम्पोला निम्म्या भावात घालत होती. चोर असल्यासारखी! तिला पाटीवरचं फडकं काढून, मोठ्याने भाव सांगत बसायचं होतं.

तीन महिने तिने आणि सून सुरेखाने अकोले तालुक्याच्या गावी, संस्थेच्या कचेरीत खेपा घातल्या. झेरॉक्स, दाखले, चार फोटो, सगळं एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून. संस्थेच्या यादीत एक दाखला असा होता, की बाई पिढीजात मासेमारी करते. आणि त्याच्याच खाली एक प्रतिज्ञापत्र, की बाईने या धरणात याआधी कधीही मासेमारी केलेली नाही.

"म्हंजी म्या पिढीजात बी हाय आन् कदी केली बी न्हाई?" तिने खिडकीतल्या पोराला विचारलं होतं.

"मावशी, दोन्ही पायजेत," तो मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला. तिने दोन्हींवर सही ठोकली. सही करताना आपणच आपल्या तोंडात शेण घालतोय असं तिला वाटलं, पण केली.

आता उरली होती अनुभवाची तपासणी. पावसाळ्यातली बंदी उठली त्याच दिवशी आबासाहेब स्वतः आले. मासे अंड्यावर असतात म्हणून ते दोन महिने चांगुणाने पाण्याला जाळं लावलं नव्हतं. कोरड्यास म्हणून नुसत्या कुरडूच्या भाजीवर काढले. संस्थेचा टेम्पो मात्र दर आठवड्याला भरून जात होता. तो तिने या डोळ्यांनी पाहिला होता. त्याला कोण विचारणार?

"चला चांगुणाबाई, टाका जाळं," आबासाहेब छत्रीखालून म्हणाले. "येतं का, बघू तरी."

येतं का! तिने ट्रकची फुगवलेली ट्यूब पाण्यात लोटली, तिच्यावर बूड टेकवलं आणि हाताने पाणी मारत निघाली. बुडालेल्या चिंचेच्या डोक्यावर तिची जागा ठरलेली. तिथे जाळं सोडलं, थोडं थांबली, दोर ओढला. दोन महिने विसावलेलं पाणी तिला प्रसन्न झालं म्हणायचं. हातभर रोहू जाळ्यात उसळत होता.

काठाला येता येता तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या लोकांत रीत होती. हंगामाची पहिली मासळी विकायची नाही, घरी शिजवायची नाही. काठावर जो कोणी पहिला उभा असेल त्याला ती सागाच्या पानावर दोन्ही हातांनी द्यायची. मग तो वाटसरू असो, नाहीतर दावा मांडलेला भाऊबंद. आणि देताना तोंडातून काही मागायचं नाही. मागितलं की हंगाम नासला. तिच्या सासूने एकदा, धरणाआधी नदीवर, पहिली मासळी बांध कोरणाऱ्या चुलतदिराला दिली होती, आणि बांधाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

सुरेखा पुढे धावली. "आत्या, आज नगा देऊ," ती कुजबुजली. "ह्यो मानूस बरा न्हाई. मागनं वाडीतल्या कुनाला तरी देऊ."

"काठाव पयला कोन हाय?"

"त्यो हाय, पर—"

"मंग त्योच पावना."

तिने पान तोडलं, रोहू त्यावर ठेवला आणि आबासाहेबांपुढे धरला. आबासाहेबांनी छत्री राधाकृष्णाकडे दिली. मासा घेतला. हातावर तोलला. "दोन किलो भरंल की रे," ते म्हणाले आणि खुशीने दात दाखवले. मग तोच मासा हातात धरून, त्याच तोंडाने म्हणाले, "राधाकृष्ण, लिही. अर्जदार बाईने तपासणी अधिकाऱ्यास परवान्यासाठी मासळीच्या रूपात लाच देऊ केली."

राधाकृष्णाचं पेन कागदावर थांबलं.

"लिही म्हणतो ना!"

त्याने लिहिलं. सुरेखाचा हात तोंडाला गेला. चांगुणाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाच? सायेब, लाच देनारा कायतरी मागतो. म्या काय मागितलं?"

"मागायला कशाला हवं? तुझा अर्ज आहे ना माझ्याकडे." आबासाहेब आता मवाळ झाले. गूळ लावावा तसे बोलू लागले. "घाबरू नको गं. लिहिलेलं फाडता येतं. परवानाही देतो, आत्ता सही करतो. फक्त राजूरला पाटी न्यायची नाही. सगळी मासळी आपल्या टेम्पोला, आपल्या भावाने. कशाला म्हातारपणी बाजारात बसतेस उन्हातान्हात? आणि हंगामात अधूनमधून असा एखादा रोहू आमच्या घरी. आमच्या हिला आवडतो."

चांगुणा त्यांच्या हाताकडे बघत राहिली. अंगठ्या घातलेली बोटं माशाच्या कल्ल्यात रुतली होती. तिला किळस आली. आजवर कुजकी मासळी चिवडली, आतडी काढली, जळवा उपटल्या, कधी काही वाटलं नाही. पण ही बोटं बघवेनात. शी! पहिल्या मासळीची याने काय गत केली! हो म्हणावं तर परवाना मिळत होता. आणि हो म्हटलं की तिने दिलं ते खरंच लाच ठरत होतं. आज दिलेलं, आणि सासूने त्या चुलतदिराला दिलेलंसुद्धा.

"राधाकृष्णदादा," ती म्हणाली, "माझा अर्ज काडा फायलीतून."

"कशाला?" आबासाहेबांनी विचारलं.

"मला परवाना नगं. अर्ज माघारी घेती म्हून लिवा. सही करती."

"वेडी का काय तू? भरलेली फी परत मिळत नाही, माहीतय ना?"

"ऱ्हाऊ द्या तुमालाच."

"आणि परवान्याशिवाय राजूरला दिसलीस, तर पाटी लाथेनेच उडणार, सांगून ठेवतो."

"न्हाई दिसनार." हे म्हणताना तिचा आवाज फाटला. "आता सांगा सायेब. माझा अर्ज न्हाई, मला काय बी नगं. मंग म्या लाच दिली कशापायी?"

राधाकृष्णाने मान वर केली. त्या सकाळी पहिल्यांदाच. साहेबांना न विचारता त्याने लाचेची ओळ दोनदा खोडली, खाली अर्ज माघारीचं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने ओल्या हाताने सही केली. मग त्याने तिचे सगळे कागद फायलीतून काढून निळ्या पिशवीत घातले आणि पिशवी सुरेखाकडे दिली.

आता कोणालाही वाटावं, की हा बाबा शरमेने मासा तिथेच टाकून जाईल. छे! आबासाहेब गाडीपर्यंत गेले, डिकी उघडली आणि माशाकडे, मग डिकीतल्या कोऱ्या सतरंजीकडे बघत थांबले.

"अगं ए," ते ओरडले, "एखादी पिशवी असली तर दे गं. गाडी घाण होईल."

सुरेखाचे डोळे लाल झाले. ती काहीतरी सणसणीत बोलणार होती, पण चांगुणाने तिच्या हातातून निळी पिशवी घेतली. आतले कागद काढून सुनेच्या ओटीत टाकले, दाखले, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, चारही फोटो. पिशवी झटकली, तोंड उघडून धरली. आबासाहेबांनी रोहू आत सोडला.

"खावा सायेब," ती म्हणाली. "निस्ती मासळी हाय ती."

गाडी चिखल उडवत गेली. चांगुणाने पाण्यात बसून हात धुतले. वाळूने घासले, पुन्हा धुतले, नाकाशी नेले. अत्तराचा वास जाईना. काठावर सुरेखा ओटीतले कागद धरून उभी होती.

"आत्या, ह्ये काय करू?"

"चुलीला घाल," चांगुणा म्हणाली आणि जाळं गोळा करू लागली.