नंदीची पाठ

बापूसाहेबांच्या जुळे सोलापुरातील छपाईच्या दुकानात चित्र म्हणजे धोंडप्पा, हे समीकरण वीस वर्षे अबाधित होते. ब्रश ठेवून त्याने माउस धरला तेव्हाही ते मोडले नाही. मोडले ते अक्षता कामाला लागल्यावर. सहा महिन्यांतच गिऱ्हाइके दारातूनच विचारू लागली, ‘त्या मॅडम आहेत का?’ आणि धोंडप्पा मान वर न करता उत्तर देई, ‘आहेत. देवीचं दर्शन मिळेल, बसा.’

मंद्रूपच्या रत्नम्मांना शेंगाचटणीच्या पाकिटावर बसलेला नंदी हवा होता. बापूसाहेबांनी दोघांनाही काढायला सांगितला आणि वर बजावले, ‘ज्याचा पसंत पडेल, बोधचिन्हांचं सगळं काम यापुढे त्याचं.’

धोंडप्पाने तीन दिवस खपून नंदी सिद्ध केला. देवळातल्या मूर्तीचा फोटो पडद्यावर घ्यायचा, पेन टूलने कडेकडेने पॉइंट ठोकत जायचे आणि शेवटी रेघ बंद करून आकृती भरायची, ही त्याची रीत. दोनशे बारा पॉइंट! एवढी मेहनत या पोरीच्या हातून जन्मात होणार नाही, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

दुपारी अक्षता डबा घेऊन आत गेली, तसा तो तिच्या खुर्चीत बसला. तिच्या नंदीच्या कडेवर त्याने क्लिक केले. पॉइंट उजळले. त्याने मोजले, एकोणीस. पुन्हा मोजले; एकोणीसच. वशिंडापासून शेपटीपर्यंतची अख्खी पाठ दोन पॉइंटांच्या आधाराने अशी वाहत गेली होती, की त्याच्या चाळीस पॉइंटांच्या पाठीला शरम वाटावी. खोट शोधावी म्हणून तो त्या पाठीकडे टक लावून पाहत राहिला. खोट सापडेना, आणि न सापडणारी ती खोटच त्याच्या काळजाला डागणी देऊन गेली.

त्याने नंदीच्या मागच्या पुठ्ठ्यावरचा, शेपटीजवळचा पॉइंट धरला आणि बोटभर वर ओढला. त्याच्या स्वतःच्या नंदीला अशाने फार तर एक पुटकुळी आली असती. इथे पॉइंट इतके थोडे, की एक हलताच सारी पाठ उचलली गेली आणि नंदी पुढे कलंडला. धोंडप्पाने समाधानाने फाइल सेव्ह केली.

चार वाजता रत्नम्मा आल्या. दोन्ही छापील कागद टेबलावर मांडले गेले. धोंडप्पाचा कागद त्यांनी आधी उचलला.

‘छान हाय. देवळातल्यासारकाच.’ मग दुसरा घेतला आणि चष्मा वर सरकवला. ‘आगं बाई! ह्यो तर उटतोय की!’

‘उठतोय?’ बापूसाहेब चकित झाले.

‘व्हय. बैल उटताना आदी मागनं उटतो, साहेब. पुठ्ठा वर, गुडघे भुईवर. तुमी गाडीच्या काचंतनंच बैल बगितला असंल. मला ह्योच पायजे. लई जिवंत हाय. कुणी काढला?’

अक्षता कागदाकडे रोखून पाहत होती. ‘काढलाय मीच. पण ही पाठ माझी नाही. मागचा पॉइंट कुणीतरी हलवलाय.’

‘असू दे गं,’ बापूसाहेब कौतुकाने हसले. ‘किती तो विनय!’

गप्प बसला असता तर धोंडप्पाचे बिंग कधीच फुटले नसते. पण आपल्या हातची पाठ, आणि तिच्यावर अक्षताने विनयसुद्धा मिरवावा? हे त्याच्याने सोसवेना.

‘मी हलवला.’

‘तू? कशाला?’

‘बिघडवायला,’ धोंडप्पा म्हणाला. दुसरे उत्तर त्याला सुचलेच नाही.

रत्नम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. ‘मग रोज बिगडवा की, आण्णा!’

अक्षता हसली नाही. ‘काका, आजपासून माझ्या मशीनला पासवर्ड. आणि काही हलवायचं असेल, तर मी समोर असताना हलवा.’

बापूसाहेबांनी घसा साफ केला. ‘बोधचिन्हं अक्षता काढेल. झालं?’

धोंडप्पाचे कान तापले होते. दोन्ही कागद त्याने पुन्हा एकदा शेजारीशेजारी ठेवून निरखले.

‘काढू दे,’ तो म्हणाला. ‘पण पाठ माझी आहे, एवढं गिऱ्हाइकाला सांगत जा.’